हाफ इंजिन

टू-स्ट्रोक इंजिन उघडायला फार सोपं असतं. हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. हेडचे नट काढा, ब्लॉक वर उचला, पिस्टन समोर हजर! शनिवारी सकाळी चहा पिऊन कामाला बसलात तर जेवणाच्या आत इंजिनाचा वरचा अर्धा भाग टेबलावर मांडून झालेला असतो. आपल्याकडच्या गॅरेजात या कामाला 'हाफ इंजिन' म्हणतात. म्हणजे ब्लॉक, पिस्टन, रिंगा आणि पॅकिंग. क्रँकपर्यंत खाली गेलात तर ते 'फुल इंजिन'. इकडे अमेरिकेत हाफ इंजिनला 'टॉप एंड' म्हणतात. नाव वेगळं, काम तेच.

माझं म्हणणं असं की हे काम इतकं सोपं आहे, म्हणूनच लोक तेच इंजिन पुन्हा पुन्हा उघडत बसतात.

तर मंडळी, आजची गाडी आहे यामाहा ब्लास्टर. ही मोटरसायकल नाही, एटीव्ही आहे. चार जाड फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, दोन्हीकडे पाय टाकून बसायची सीट. यामाहानं ही १९८८ ते २००६ या काळात बनवली. एकच सिलिंडर, १९५ सीसी, हवेवर गार होणारं इंजिन, आणि किक मारूनच सुरू करायचं. भारतात ज्यांनी आरएक्स-१०० चालवली (ती आपल्याकडे १९८५ ते १९९६ मध्ये बनली) त्यांना हे इंजिन अजिबात परकं वाटणार नाही. तोच रीड व्हॉल्व्ह, तोच निळसर धूर, तोच 'टिंग टिंग' आवाज. फक्त ब्लॉक जवळजवळ दुप्पट.

गाडी माझी नाही, दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजाऱ्याची. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. इथे लेक मिशिगनच्या काठाला सिल्व्हर लेक नावाचं ठिकाण आहे, तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर अशा गाड्या चालवायला परवानगी आहे. शेजारी दर उन्हाळ्यात तिकडे जातो. त्याचा मुलगा या वसंतात सोळा वर्षांचा होणार होता. त्या काळात बनलेल्या ९० सीसीच्या वरच्या एटीव्हीवर 'सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये' अशी पट्टी असते (१९८८ साली इथल्या सरकारनं कंपन्यांकडून तसं कबूल करून घेतलं), आणि या घरात ती पट्टी पाळली जाते. म्हणजे पोरगं कितीतरी वर्षं त्या गाडीकडे नुसतं बघत होतं.

आणि गाडी दोन वर्षांत तिसऱ्यांदा जाम झाली.

आधीच्या दोन्ही वेळा एका गॅरेजनं हाफ इंजिन करून दिलं होतं. बिलं व्यवस्थित होती. पहिल्यांदा ब्लॉक ६६ मिलिमीटरवरून ६६.२५ केला, दुसऱ्यांदा ६६.५०. नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवं पॅकिंग. काम वाईट नव्हतं, मी ब्लॉक बघितला. तरी इंजिन मेलंच.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या गाडीला मागे डिफरन्शियल नाही. एकच सरळ दांडा, दोन्ही चाकं त्याच्यावर. इंजिन गिअरमध्ये असताना जाम झालं तर मागची दोन्ही चाकं त्याच क्षणी थांबतात. दुसऱ्यांदा जाम झालं ते टेकडी चढताना. गाडी आडवी होऊन खाली घसरली. शेजाऱ्याला काही लागलं नाही, हे त्याचं नशीब. जुने टू-स्ट्रोकवाले चालवताना दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात ते उगाच नाही. सोळा वर्षांच्या मुलाला ती सवय कुठून असणार?

त्यामुळे मुलाच्या आईनं अट घातली. मला ती फार आवडली. ती म्हणाली, "मला नवीन पिस्टन नको. तीनदा का झालं ते सांगा. कारण कळलं तर मुलगा बसेल, नाहीतर गाडी भंगारात." शेजारी ती अट घेऊन माझ्याकडे आला.

आता थोडं शास्त्र. कंटाळू नका, सगळी भानगड यातच आहे.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची जागा म्हणजे तेलाचं घर. हवा-पेट्रोलशी तिचा संबंध नाही. टू-स्ट्रोकमध्ये मात्र पिस्टनच्या खालची जागा हा एक पंप असतो. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते, आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण रीड व्हॉल्व्हमधून क्रँककेसमध्ये ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे इंजिन श्वास घेतं ते खालून. क्रँकच्या दोन टोकांना दोन ऑइल सील असतात, एक क्लचच्या बाजूला, एक मॅग्नेटच्या बाजूला. फोर-स्ट्रोकमध्ये तिथला सील गेला तर जमिनीवर तेलाचे थेंब पडतात, बायको ओरडते, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये सील गेला तर इंजिन त्या फटीतूनसुद्धा श्वास घ्यायला लागतं.

क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं. पांढरा धूर येतो, ऑइल कमी होतं, लगेच कळतं. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर नुसती हवा आत येते. धूर नाही, डाग नाही. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं. मिश्रण पातळ झालं की इंजिन जास्त तापतं. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलबरोबरच येतं, आणि वाफ होणारं पेट्रोल पिस्टनला आतून थोडं गारही करतं. म्हणजे ज्या वेळी इंजिनला वंगणाची आणि गारव्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं त्याच वेळी दोन्ही कमी पडतं. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या लायनरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. दोघांमधली फट असते साधारण केसाच्या जाडीएवढी. ती संपली की खेळ संपला.

शेजाऱ्यानं दुसऱ्या वेळेनंतर काय केलं होतं? पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं होतं. गाडी जाम झाली की सगळे हेच करतात. पण जेटमधून जाणारं एकूण द्रव ठरलेलं असतं. त्यात ऑइल वाढलं म्हणजे पेट्रोल तेवढं कमी झालं. म्हणजे मिश्रण आणखी पातळ! हेतू चांगला, परिणाम उलटा.

मी शेजाऱ्याला विचारलं, "गाडी तापल्यावर रेस सोडली की आवाज लगेच खाली येतो का?" तो म्हणाला, "नाही, थोडा वेळ तशीच वर राहते. मी स्क्रू फिरवून कमी केलं होतं." इथे माझे कान टवकारले.

तरी पाना हातात घ्यायच्या आधी मामांना फोन लावला. इचलकरंजीत त्यांचं बरीच वर्षं गॅरेज होतं. राजदूत, येझदी, लूना, चेतक, सगळ्या टू-स्ट्रोक. आता गॅरेज बंद आहे, पण गाडीचा विषय काढला की मामा तासभर फोन सोडत नाहीत.

"मामा, तिसऱ्यांदा जाम झालीय. ब्लॉक-पिस्टन दोनदा झालाय."

"खोललास का?"

"नाही अजून."

"खोलू नको. आधी फुगवून बघ. एकदा खोललंस की पुरावा गेला. आणि एक ऐक, टू-स्ट्रोकला हाफ इंजिन असं काही नसतंय बघ. खालची हवा बिघडली की वरचा मरतोय. आणि लोक वरच्यालाच बदलत बसत्यात."

फुगवून बघायची पद्धत अशी. कार्बोरेटर काढायचा, सायलेन्सर काढायचा. दोन्ही तोंडांना बूच बसवायचं. नळकामवाल्यांकडे स्क्रू आवळला की फुगणारं रबरी बूच मिळतं, ते उत्तम बसतं. एका बुचातून नळी काढायची आणि आत साधारण ६ पीएसआय हवा भरायची. नियम असा की ६ पीएसआय हवा ६ मिनिटं टिकली पाहिजे. जास्त हवा भरायची नाही, नाहीतर चांगला सीलसुद्धा जागेवरून उडेल.

यासाठी तयार किट मिळतं. पण बाबा इकडे राहायला आले होते तेव्हा घेतलेलं डायलवालं बीपीचं यंत्र घरात पडून होतं. त्याचा काटा ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. हिशोब केला तर ते ५.८ पीएसआय होतात. झकास! दंडाचा पट्टा काढला, नळी बुचाला जोडली, आणि फुगा दाबत बसलो. (बायकोनं दारातून बघितलं आणि काही न बोलता आत गेली.)

काटा ३०० वर नेला. सोडला. मिनिटभरात २०० च्या खाली.

मग साबणाचं पाणी. हेडच्या पॅकिंगला लावलं, बुडबुडा नाही. ब्लॉकच्या खालच्या पॅकिंगला, नाही. रीड व्हॉल्व्हच्या रबरी नळीला, नाही. मॅग्नेटचं झाकण काढलं, पुलरनं मॅग्नेट ओढून काढलं (हातोडा मारायचा नाही, क्रँक वाकते), आणि सीलभोवती ब्रशनं साबण लावला. लगेच फेस! शेजाऱ्याचा मुलगा शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं काहीही न विचारता बोट दाखवलं.

आता इंजिन खोललं. पिस्टन म्हणजे मेलेल्या इंजिनाचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट असतो, वाचता आला पाहिजे. चारही बाजूंनी, चार कोपऱ्यांवर ओरखडे असतील तर फट कमी ठेवली होती, किंवा थंड इंजिन एकदम ताणलं. इनटेकच्या बाजूला घासला असेल तर बऱ्याचदा एअर फिल्टरमधून धूळ जाते आहे. माथ्यावर भोक, किंवा माथा आणि हेड टाचणीनं टोचल्यासारखं दिसत असेल तर आत ठोके पडत होते. आणि फक्त एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे असतील तर पिस्टन तापून फुगला आहे, कारण ती बाजू सगळ्यात गरम असते. आमचा पिस्टन तसाच होता. एक्झॉस्टच्या बाजूला ॲल्युमिनियम ब्लॉकला चिकटलेलं, रिंग त्या बाजूला खाचेत दबून बसलेली. मागच्या बाजूला मात्र कारखान्यातल्या बारीक रेघा अजून दिसत होत्या. साबणाचा फेस आणि पिस्टन, दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते.

सील पंधरा डॉलरचा. हाताला कडक लागला, कडा प्लॅस्टिकसारखी. गाडी वीस वर्षांच्या पुढची, आणि वर्षातले सात-आठ महिने गॅरेजात उभी. रबर वाळतं, त्यात कुणाचा दोष नाही. बदलताना एक बघायचं: क्रँकला वर-खाली खेळ आहे का. बेअरिंग गेलं असेल तर क्रँक थरथरते आणि नवा सीलही खाते. मग खरंच फुल इंजिन. आमच्या क्रँकला खेळ नव्हता, जुना सील बाहेरून निघाला. क्लचच्या बाजूचाही बदलून टाकला, त्याचंही वय तेवढंच.

मग आलं ते 'हाफ इंजिन'. ते भराभर सांगतो, पण यातली एकही पायरी गाळू नका.

आधी पिस्टन आणायचा, मग तो मोजून ब्लॉक बोअर करायला द्यायचा. उलटं करायचं नाही. प्रत्येक पिस्टनबरोबर कागद येतो, त्यावर लिहिलेली फटच ठेवायची. आमचा ब्लॉक ६७ मिलिमीटर झाला. स्ट्रोक ५७ आहे, म्हणजे १९५ सीसीचं इंजिन आता २०१ सीसी. फुकटचे सहा सीसी मिळाले म्हणून मुलगा खूश, पण प्रत्येक बोअरला लायनर पातळ होतो. असे बोअर किती वेळा करणार?

बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा बारीक घासून बोथट केल्या आहेत ना ते बोट फिरवून बघायचं. धारदार कडेत रिंग अडकली की तुटते. मग ब्लॉक गरम पाण्यात साबण लावून घासायचा. पेट्रोलनं पुसून होनिंगची भुकटी निघत नाही. पांढरा कागद फिरवून तो पांढराच राहिला पाहिजे. आणि वाळला की लगेच ऑइलचा हात, कारण बीड बघता बघता गंजतं.

रिंग ब्लॉकमध्ये पिस्टननंच सरळ ढकलून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजायची. ढोबळ हिशोब, बोअरच्या दर इंचाला एका इंचाचे हजारातले चार भाग. ६७ मिलिमीटरला ते साधारण ०.२७ मिलिमीटर होतं. कागदावर वेगळं असेल तर कागद खरा. रिंगची टोकं खाचेतल्या खुंटीवर बसवायची. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. गजन पिनच्या सर्क्लिपा नेहमी नव्या, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, आडवं नाही. बसवताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवायचं. सर्क्लिप आत पडली तर तुमचा रविवार गेला. हेडचे नट कर्णरेषेत, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचनं आवळायचे.

आणि सगळं जोडून झाल्यावर, किक मारायच्या आधी, पुन्हा बीपीचं यंत्र. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. काटा ३०० वर नेला आणि मुलाला घड्याळ धरायला सांगितलं. सहा मिनिटांनी काटा २९० च्या वर होता. त्याची आई तेवढ्यात आली होती. तिला काटा दाखवला, जुना सील दाखवला, पिस्टनवरचे ओरखडे दाखवले. तिनं सील दोन बोटांत वाकवून बघितला, तो वाकला नाही. "एवढंच?" म्हणाली. हो, एवढंच. तीन पिस्टन आणि एक घसरलेली गाडी, एवढ्याशा रबरासाठी.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हेच रोज चालतं. रात्री सर्व्हर पडतो, कुणीतरी रीस्टार्ट करतं, तो चालतो, तिकीट बंद. तिकिटाचं नाव असतं 'सर्व्हर पडला', म्हणून सगळे सर्व्हरकडे बघतात. मेमरी खाणारा प्रोग्राम दुसरीकडेच असतो. त्या गॅरेजवाल्याचंही तेच झालं असणार. गिऱ्हाईक 'टॉप एंड करून द्या' म्हणून आलं, त्यानं टॉप एंड करून दिलं. सील क्रँकला असतो, म्हणजे 'टॉप एंड' या शब्दाच्या बाहेर. कामाला नाव दिलं की कुठे बघायचं आणि कुठे नाही तेही ठरून जातं. त्या दोन बिलांत चुकीची एकही ओळ नव्हती. जी ओळ हवी होती ती नव्हती.

असो. ज्यांच्याकडे जुनी आरएक्स, येझदी किंवा अशी एटीव्ही पडून आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला वेळ लावत असेल तर आयडलचा स्क्रू फिरवून गप्प बसू नका. ब्लॉक उचलायच्या आधी फुगवून बघा. पिस्टन बदललात तर जुना फेकू नका, पुसून जपून ठेवा. आणि नव्या इंजिनाला दम धरू द्या. आम्ही तीन वेळा गरम करून पूर्ण गार होऊ दिलं, हेडचे नट पुन्हा तपासले, आणि पहिल्या दोन टाक्या फुल रेस बंद.

ब्लास्टरच्या सीटखाली आता प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. तारीख, बोअर ६७.००, सील दोन्ही नवे, हवा ६ मिनिटं टिकली. खाली मुलानं स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: दर वसंतात पहिल्या किकच्या आधी हवा भरून बघणे. बीपीचं यंत्र सध्या त्यांच्याच गॅरेजात आहे.